कामावर शिकताना : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या अप्रेंटिसांचे अनुभव

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा. कुठल्याही गेटवर ‘आयटीआय मुले पाहिजेत’ हा फलक बाराही महिने लटकलेला असतो. आत गेलेला पोरगा अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) आहे, ट्रेनी आहे की नुसता हेल्पर, हे मात्र पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. घरच्यांना तर ‘कंपनीत लागला’ एवढे पुरते. निकाल लागले की नवी मुले या गेटांवर उभी राहतात, म्हणून हा धागा. अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांनी, अर्ध्यात सोडलेल्यांनी, मुले कामावर घेणाऱ्यांनी, सगळ्यांनी लिहा. काय शिकलात, हातात किती पडले आणि शेवटी कुठला कागद मिळाला, हे आले तर उत्तम. तक्रार असेल तर कंपनीचे नाव नको.

टर्नर, येळ्ळूर

दोन वर्षे आयटीआय, मग उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह करणाऱ्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. आयटीआयत आम्ही व्हर्नियर (मापाची सरकपट्टी) लावून ‘झाला जॉब’ म्हणायचो; जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा. इथे स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) बॉडीत बसतो तिथला क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात.

मशीनवरून काढलेला जॉब आमचे मेस्त्री लगेच मोजू द्यायचे नाहीत. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ‘थांब की गा, थंड होऊ दे. गरम जॉब खोटं बोलतोय.’ ५० मिमीचा पोलादी जॉब ३० अंशांनी तापला तर १८ मायक्रॉनच्या आसपास फुगतो, हे गणित मी नंतर कागदावर करून बघितले. मामा सातवी शिकलेले, त्यांना ते बोटांनी कळायचे. जॉब फडक्याने पुसायचा, सरफेस प्लेटवर ठेवायचा, तोवर टूलची धार बघायची. मग मायक्रोमीटरचा रॅचेट टिकटिक वाजेपर्यंत फिरवून माप घ्यायचे, तेही दोन टोकांना, कारण जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता, गेला असेल तर एका जागी मोजून कळत नाही.

२०२२ साली स्टायपेंड महिना ७,००० होता. डबा घरचा, बसपास, म्हणून भागले. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळाले. आमच्या कारखान्यात जागा नव्हती, चार गाळे सोडून पलीकडच्यांनी घेतले. मुलाखतीत त्यांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवले आणि मायक्रोमीटर हातात दिला.

कंग्राळीचा एकजण

माझे याच्या उलट. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ‘ट्रेनी’ म्हणून घेतले. वर्षभर फेटलिंग, म्हणजे कास्टिंगवरचे (ओतीव तुकड्यावरचे) रायझर, फ्लॅश असे जादा धातूचे भाग ग्राइंडरने उडवायचे. सकाळी बांधलेला पांढरा रुमाल जेवणाच्या सुट्टीपर्यंत काळा. भट्टीकडे कधी नेले नाही, रेतीची ओल कशी तपासतात ते दाखवले नाही. मोल्डिंग बघायला गेलो की ‘तुझं काम बघ जा’. सोडताना पत्र मागितले तर कंत्राटदाराच्या लेटरहेडवर एक ओळ : हेल्पर म्हणून काम केले. कंपनीच्या कागदावर मी कधी नव्हतोच.

ट्रेड माझा फिटर. त्या पत्राचा उपयोग शून्य. दुसरीकडे अप्रेंटिस लागायला आणखी एक वर्ष गेले.

निवृत्त आयटीआय शिक्षक, टिळकवाडी

वरच्या मुलासारखे खूप जण बघितले, म्हणून थोडे कायद्याचे लिहितो. कंटाळा आला तरी वाचा.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. ‘ट्रेनी’ हा शब्द कुणीही कुणालाही लावू शकतो. अप्रेंटिस मात्र तोच, ज्याचा या कायद्याखाली करार झाला आहे. करार आता अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होतो, त्याला नंबर असतो. नंबर नाही तर शेवटची परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. नियमांच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. त्याच दुरुस्तीत किमान स्टायपेंड ठरले : दहावी पास ६,०००, आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ.

दोन गोष्टी मुलांना कडू लागतात. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, त्यामुळे पीएफ नाही. आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायची सक्ती मालकावर नाही. २०१४ पासून प्रत्येक मालकाने याबाबत आपले धोरण ठरवायचे आहे. पण काम करताना बोट गेले, भाजले, तर नुकसानभरपाई कामगाराच्या कायद्याप्रमाणेच मिळते. हे सुपरवायझरलासुद्धा पुष्कळदा माहीत नसते, म्हणून आपल्याला माहीत पाहिजे.

इलेक्ट्रिशियन, जांबोटीकडची

मराठी शाळेतून दहावी, मग आयटीआय. तिथे शिकवणे कन्नडमध्ये, पुस्तक इंग्रजीत, मैत्रिणींशी बोलणे मराठीत. पहिली सहामाही वहीत चित्रेच जास्त. स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर सुरू करायच्या जोडणीची) आकृती भाषेशिवाय समजते, हे मात्र खरे.

आम्ही मुली कमीच होतो. अप्रेंटिस म्हणून लागले तिथे पहिले काही दिवस मला ऑफिसात फायली लावायला बसवले. ‘ताई, शॉपमध्ये (मशीन चालतात तिथे) गरम होतं, इथंच बरं.’ मी रोज जाऊन विचारायचे. शेवटी पॅनेल वायरिंगच्या टेबलावर पाठवले, तिथे एक कन्नड काका होते. वायर कापायची किती, लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, ओढून बघायचा कसा, फेरूलवरचा (वायरवरच्या छोट्या नळीवरचा) नंबर वाचता येईल असा फिरवून का बसवायचा, सगळे हाताने दाखवले. मला कन्नड त्या टेबलावरच आले. सध्या पॅनेल टेस्टिंगला आहे. कपडे बदलायला धड खोली मात्र अजून नाही, स्टोअरच्या मागे पडदा लावून भागवतो. हे लिहिले पाहिजे असे वाटले.

निपाणीचा डिप्लोमावाला

आमच्याकडून कागलची पंचतारांकित एमआयडीसी बेळगावपेक्षा जवळ. आई विड्या वळते, तिचे म्हणणे, ‘कोल्हापूरकडं जा, बेळगावकडं जा, संध्याकाळी घरी ये.’ डिप्लोमाच्या अप्रेंटिसशिपचे काम कर्नाटकात चेन्नईच्या दक्षिण विभागीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाकडे, महाराष्ट्रात मुंबईच्या मंडळाकडे. प्रमाणपत्र केंद्राचे असल्यामुळे नाक्याच्या अलीकडे-पलीकडे सारखेच चालते. सीमेचा त्रास झाला तो फक्त खोलीच्या भाड्याला. शेवटी रोज जाऊन-येऊनच केले.

मच्छेतला छोटा कारखानदार

सगळे मालकांवर घसरण्याआधी आमचेही ऐका. माझ्याकडे तीसच्या आत माणसे, अप्रेंटिस घेण्याची सक्ती नाही, तरी घेतो. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, सरकार देते. आता ते थेट मुलाच्या खात्यात जाते, हे बरे झाले. पण खर्च स्टायपेंडचा नाही. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) मुलाने न विचारता ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) बदलला की एका झटक्यात चक (जॉब पकडणारा भाग), टूल आणि जॉब तिन्ही जातात. त्यामुळे पहिले काही महिने मी बटणाला हात लावू देत नाही. ‘नुसतं डीबरिंग करून घेतात’ अशी ओरड होते. होऊ दे. कडा हाताने साफ करताना जॉब कुठे दाबला, कुठे फाटला, ते दिसते.

आणि तयार झालेला मुलगा पुण्याला जातो. दोन हजार जास्त मिळाले की गेला. मी अडवत नाही, लग्नपत्रिका घेऊन येतात बिचारे. कंग्राळीच्या मुलाचे झाले ते चूकच. वर्षभर एकाच खात्यात ठेवायचे तर अप्रेंटिस म्हणू नये.

हुबळी वर्कशॉपमध्ये केलेला

रेल्वेत अप्रेंटिस घेताना परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. लेव्हल वनच्या (सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या) भरतीत अशा अप्रेंटिसांना २० टक्के जागा राखीव. वाट बघायची तयारी असेल तर भरा. मी अजून बघतोय.

एक आई, पिरनवाडी

मुलगा सतरा वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा आयटीआय झाला. एका कंपनीचे पत्र आले आहे, ‘ट्रेनिंग बारा महिने, महिना ६,०००’. परवा सही करायची आहे. काय बघू?

निवृत्त आयटीआय शिक्षक, टिळकवाडी

ताई, मुलगा अठराच्या आत आहे, त्यामुळे करारावर पालक म्हणून तुमची सही लागते. फक्त त्याचीच सही मागत असतील तर तो अप्रेंटिसशिपचा करारच नव्हे. पत्रात ट्रेडचे नाव ‘वेल्डर’ आहे का बघा. आयटीआय झालेल्याला २०१९ च्या दुरुस्तीतच किमान ७,००० ठरले, सहा कसे ते विचारा. पोर्टलचा नंबर मागा. ‘नंतर देतो’ म्हणाले तर नंतरच सही करा. ओव्हरटाइम अप्रेंटिसला परवानगीशिवाय लावता येत नाही, तेही कानावर घालून ठेवा.

टर्नर, येळ्ळूर

मावशी, आणखी एक. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा पिरनवाडीकडे बस नसते. कंपनीची गाडी कुठपर्यंत सोडते ते आधी विचारा, आणि वेल्डिंगला कातडी हातमोजे, ॲप्रन कंपनी देते की घरून न्यायचे, तेही.