खाण्यापिण्याची फँटसी अ‍ॅनिमे बघून इतकं शांत का वाटतं? (आणि अजून काय बघू?)

रातपाळी_पुणे:
नमस्कार मंडळी, मी रूमवर एकटी राहते, सपोर्टची नाइट शिफ्ट आहे, घरी पोचेपर्यंत पहाटेचे साडेतीन होतात. मेसचा डबा संध्याकाळी सातला येऊन दाराला लटकलेला असतो, मी येते तोवर भाजी गार, पोळ्या वातड. गेले कित्येक महिने मी तो डबा तसाच लॅपटॉपसमोर उघडायचे, चार घास खायचे आणि झाकण लावून झोपायचे. मग ऑफिसमधल्या एका मुलीने नेटफ्लिक्सवर 'डिलिशस इन डंजन' हे अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघायला सांगितलं.

आता गोष्ट तशी भयानक आहे ना, लायोस नावाच्या नायकाच्या बहिणीला ड्रॅगनने गिळलंय, ती पचून जायच्या आत हे लोक तळघराच्या खाली खाली चाललेत, हातात पैसे नाहीत म्हणून वाटेत भेटेल तो राक्षसी प्राणी मारून खातायत. पहिल्याच एपिसोडला विंचू आणि चालणारं मशरूम यांचा हॉटपॉट. मला विंचवाच्या नावानेच शहारे येतात पण तो उकळत्या पाण्यात लाल झाला आणि वाफ आली तेव्हा मला भूक लागली, खरीखुरी भूक, कितीतरी दिवसांनी. त्या आठवड्यात एका पहाटे उठून मी डब्यातली बटाट्याची भाजी कढईत काढली, लसणाची फोडणी दिली, पोळ्या तव्यावर तूप लावून गरम केल्या आणि ताट घेऊन खाली मांडी घालून बसले. सगळं संपवलं.

मला खरंच जाणून घ्यायचंय की हे का होतं. सुंदर काढलेलं खाणं तर जाहिरातीत पण असतं, ते बघून असं काही वाटत नाही.

कढईत_जीव:
जाहिरातीत पदार्थ तयार होऊनच येतो, इथे तो तयार होताना दिसतो, माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. त्यांच्यासाठी रांधणारा सेन्शी नावाचा तो बुटका ड्वार्फ आठव. विंचवाची नांगी, डोकं, पाय काढून टाकतो, कडू लागतं म्हणून आतली घाण काढतो, कवचाला चिरा देतो म्हणजे आतपर्यंत शिजेल, मग वाळवलेला स्लाइम (जेलीसारखा लिबलिबीत प्राणी) शेवयांसारखा भांड्यात सोडतो. कशालाच घाई नाही. बाहेर जीव जायची वेळ आलीये आणि हा माणूस नीट निवडून, धुऊन, चिरून स्वयंपाक करतोय. आपल्या घरी पण कोणी आजारी असलं की आई किंवा आजी जास्तच शांतपणे मऊ भात टाकते ना, ते बघूनच अर्धं बरं वाटतं.

आणि त्याच्या भांड्याकडे लक्ष दे, ते पातेलं मुळात अ‍ॅडमँटची ढाल आहे, सुरी मिथ्रिलची, दोन्ही फँटसीतले दुर्मिळ धातू. लढाईसाठी कोणीही जिवावर उदार होईल अशा वस्तू आणि हा त्यात सूप करतो. दहा वर्षांहून जास्त काळ तो त्या तळघरातच राहतोय, गोलेमच्या (मातीचा जादूचा राक्षस) पाठीवरच्या मातीत कोबी बटाटे गाजरं लावतो, त्या मजल्यावरची शौचालयं साफ करतो आणि तेच खत शेतीला वापरतो. एवढा पूर्ण विचार करून लिहिलेली फँटसी मी तरी दुसरी बघितलेली नाही. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, र्योको कुई यांचा, २०१४ ते २०२३ चालला, १४ खंड. अ‍ॅनिमे ट्रिगर स्टुडिओचं, २०२४ मधलं, २४ एपिसोड.

शनिवारचं_गिऱ्हाईक:
ताई तू 'रेस्टॉरंट टू अनदर वर्ल्ड' बघच. पहिला सीझन २०१७ चा, दुसरा २०२१ चा. नेकोया नावाचं साधंसं हॉटेल, शनिवारी इथल्या लोकांसाठी बंद असतं पण त्या दिवशी त्याचं दार दुसऱ्या जगात उघडतं, आणि घंटी वाजवत आत येतात ड्रॅगन, सरडेमाणसं, राजकन्या, जादूगार. मालक कोणाला काही विचारत नाही, फक्त काय खाणार ते विचारतो. गिऱ्हाइकांना एकमेकांची नावं माहीत नसतात, ज्याला जे आवडतं तेच त्याचं नाव, एकजण कटलेट, एकजण ऑम्लेट राइस, आणि भाताबरोबर कुठला पदार्थ भारी यावरून दर शनिवारी वाद.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अल्फॉन्स. जहाज फुटून एका बेटावर अडकलेला माणूस, वीस वर्षं एकटा, आणि त्याला आठवड्यातून एकदा ते दार सापडतं. आत येतो, करी राइस मागवतो, प्लेटवर प्लेट खातो, पुन्हा बेटावर. मी दुबईत पहिली दोन वर्षं एकटा होतो, शुक्रवारी एका उडप्याकडे जाऊन थाळी खायचो, बाकी सहा दिवस त्या एका जेवणाच्या आधाराने काढायचो. त्यामुळे ते बघताना घशात आवंढा येतो.

अजून एक, तिथले बहुतेक पदार्थ 'योशोकु' आहेत, म्हणजे मेइजी काळापासून पाश्चात्यांकडून जपानने घेतलेले आणि मग आपलेसे करून टाकलेले. करी तर इंग्रजांमार्फत आपल्याकडूनच तिकडे गेलेली. जपानी माणसासाठी हे लहानपणचं घरचं जेवण, तेच कोणी परका पहिल्यांदा चाखतोय हे तो बघतो. कोणी आपल्या वडापावचा पहिला घास डोळे मिटून खाताना बघायला जसं छान वाटेल तसं.

तूप_मेतकूट:
मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडं पण नाही, तरी ही दोन्ही अ‍ॅनिमे मी तीन तीनदा बघितलीत, म्हणजे चव हा मुद्दाच नाहीये. मला आवाज आवडतात. सुरीचा पाटावरचा ठकठक, तेलात काही पडल्यावरचं चुरचुर, झाकण थडथडणं. घरात कोणीतरी स्वयंपाकघरात आहे असं वाटतं. माझे सासरे गेले त्यानंतर सासूबाईंनी गॅस लावणंच सोडलं होतं, पंधरा दिवस घरात डबेच. एकदा मी टीव्हीवर लावलं होतं आणि त्या नेकोयाच्या स्वयंपाकघरात अलेट्टा झोपलेली सापडते तो एपिसोड चालू होता, शिंगं आहेत म्हणून सगळीकडून हाकललेली पोरगी, मालक तिला ओरडत नाही, आधी नाश्ता वाढतो. सासूबाईंना भाषा कळत नव्हती, सबटायटल दिसत नव्हते, तरी बघत बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला भूक लागली होती गं." संध्याकाळी त्यांनी स्वतः पिठलं टाकलं.

स्लाइमप्रेमी:
'कॅम्पफायर कुकिंग इन अनदर वर्ल्ड' पण घाला यादीत, २०२३, मापा स्टुडिओ. दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या मुकोदाला ऑनलाइन सुपरमार्केटची शक्ती मिळते, जपानचे खऱ्या कंपन्यांचे सॉस मागवतो आणि फेल नावाचा प्रचंड लांडगा फक्त वासावर येऊन त्याच्याशी करार करतो. सुई नावाचा छोटा स्लाइम तर जीव आहे.

कढईत_जीव:
@स्लाइमप्रेमी बघितलंय, पण बाटली उघडून सॉस ओतला की झालं, त्यात मला ती कष्टाची गोडी सापडत नाही. खूप थकलेल्या दिवशी मात्र चालेल, त्यात कोणाला काही होत नाही.

@रातपाळी_पुणे तू डंजन पूर्ण केलं नसशील तर पुढचं वाचू नको. स्पॉयलर. शेवटाकडे सेन्शीची लहानपणची गोष्ट येते. अडकलेल्या टोळीतल्या एकाने त्याला वाचवायला सूप पाजलेलं असतं आणि ते मांस नक्की कशाचं होतं, आपल्याच माणसाचं तर नव्हतं, ही भीती तो इतकी वर्षं मनात घेऊन जगलेला असतो. कोणालाही खायला घालायची त्याची धडपड कुठून आली ते तेव्हा कळतं. आणि लायोस त्याची समजूत शब्दांनी घालत नाही, तेच सूप पुन्हा रांधून त्याच्यासमोर ठेवतो. एक घोट घेतो आणि ती चव ओळखतो म्हातारा. मी तेव्हा स्क्रीन थांबवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

रातपाळी_पुणे:
वाचलं मी, स्पॉयलर सकट, राहवलं नाही. @तूप_मेतकूट तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आज सुट्टी आहे, शनिवारच आहे, नेकोया लावलंय आणि कुकरला मूगडाळीची खिचडी टाकलीये, दुसरी शिट्टी झाली आत्ता.