विडी वळणाऱ्या महिलांच्या वस्तीत शिवणवर्ग : तो कमाईपर्यंत पोहोचावा कसा?

पूर्वभाग (प्रश्न)

सोलापूरच्या पूर्व भागातील एका वस्तीत आम्ही काही जण बचत गटांबरोबर काम करतो. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी विड्या वळायच्या आणि त्या मोजून शाखेत द्यायच्या, हा येथील बहुतेक घरांतील बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दिनक्रम आहे. मुलींना हे काम नको आहे, आणि तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या त्यांच्या आयांनाही मुलींनी ते करावे असे वाटत नाही. शहरात गणवेश शिवण्याचा मोठा उद्योग असल्याने शिवणवर्ग काढावा, असे गटांच्या बैठकीत ठरले. अडचण अशी की, पूर्वी एका संस्थेने येथे असाच वर्ग घेतला होता. प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्रे निघाली, परंतु त्यातील क्वचितच कोणी पुढे शिवणकामावर कमवू लागली. पुन्हा तसे होऊ नये यासाठी आखणी कशी करावी?

काजबटण

मी गणवेशाच्या व्यवसायात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बहुतेक शिवणवर्गांत पायाने चालणाऱ्या घरगुती यंत्रावर ब्लाउज आणि फ्रॉक शिकवतात. गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये मात्र मोटारीवर चालणारे वेगवान यंत्र असते आणि तेथे अख्खा शर्ट एकटीने शिवायचा नसतो : एक जण कॉलर करते, दुसरी बाही जोडते, तिसरी ओव्हरलॉकवर (कापडाच्या कडा शिवणाऱ्या यंत्रावर) बसते, काज-बटणाचे काम आणखी कोणाकडे. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे सुबक पण संथ हात असलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात इतके कमी पैसे पडतात की ती पुन्हा येत नाही. तेव्हा आधी दोन-तीन युनिटच्या मास्टरांना वस्तीत बोलवा, त्यांना कोणत्या कामासाठी हात कमी पडतात ते विचारा, आणि तेवढेच काम त्याच प्रकारच्या यंत्रावर वेग येईपर्यंत शिकवा. वेळेचेही पाहा. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे कामाची खरी गर्दी त्याआधीच्या महिन्यांत असते. उन्हाळ्यात सुरू केलेला वर्ग संपेल तेव्हा युनिटमध्ये नव्या हातांची गरज उरलेली नसेल. दिवाळीनंतर सुरुवात करणे उत्तम.

गटसखी

वरील मुद्दा योग्यच आहे, पण त्याआधीचा प्रश्न असा की, बाई वर्गाला येणार कोणत्या वेळेत? विडीची मजुरी हजारावर ठरते. ती दुपारचे तीन तास वर्गात बसली तर तेवढ्या विड्या कमी होतात आणि त्या दिवशीची कमाई घटते. या नुकसानीचा विचार न करता काढलेल्या वर्गात पहिल्या आठवड्यानंतर केवळ अविवाहित मुली उरतात, असा आमच्याकडचा अनुभव आहे. गटाच्या अंतर्गत कर्जातून शिकण्याच्या काळापुरती उचल देता येईल का, हे बैठकीत जरूर मांडा.

योजनांविषयी थोडे. जन शिक्षण संस्थान ही व्यवसाय प्रशिक्षणाची योजना अशाच वस्त्यांसाठी आहे. तिची सुरुवात १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली आणि निरक्षर किंवा शाळा सुटलेल्या व्यक्तींनाही तेथे प्रवेश मिळतो. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेबद्दल मात्र वस्तीत गैरसमज पसरू देऊ नका. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये ऐकून सगळ्या जणी अर्ज भरायला धावतात, परंतु ती योजना १८ ठरावीक व्यवसायांतील कारागिरांसाठी आहे. त्यांत शिंपीकाम आहे, विडीकाम नाही. शिवाय अर्जदार तो व्यवसाय आधीपासून करत असावा लागतो आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नव्याने शिवण शिकणाऱ्या बाईला तिचा तूर्त उपयोग नाही.

जुना कार्यकर्ता

एक सावधगिरीची सूचना. विडीकाम आरोग्याला वाईट आहे यात वाद नाही, पण म्हणून चाळिशी ओलांडलेल्या बाईला ते सोडण्याचा आग्रह करू नये. तिच्याकडील विडी कामगाराच्या कार्डावर आणि कारखान्याच्या नोंदीवर भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती असे बरेच काही अवलंबून असते, आणि हे हक्क संघटनेने दीर्घकाळ झगडून मिळवले आहेत. सोलापूरलगत कुंभारीजवळच्या रे नगर या कामगार वसाहतीतील घरेसुद्धा विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटितांनी एकत्र येऊन केलेल्या मागणीतून उभी राहिली. त्यांपैकी १५,००० घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. नगावर शिवणाऱ्या बाईला यातले काय मिळते? लहान युनिटमध्ये बहुधा काहीच नाही. वर्ग मुलींसाठी काढा, आयांना हवा असेल तर दार उघडे ठेवा, आणि युनिटमालकांशी बोलताना हजेरीची नोंद व भविष्य निर्वाह निधी यांचा विषय पहिल्याच बैठकीत काढा. एकदा काम सुरू झाले की तो कोणी काढू देत नाही.

काजबटण

शेवटच्या मुद्द्यावर मालकांची बाजूही सांगतो : हंगामी कामामुळे वर्षभर माणसे पटावर ठेवणे लहान युनिटला परवडत नाही. मात्र गटाने स्वतःच्या नावावर जॉब वर्क (युनिटचा माल मजुरीवर शिवून देण्याचे काम) घेतले, तर दर एकेकीने न ठरवता गटाने ठरवता येतो. त्यासाठी निदान दोन मोटारीची यंत्रे आणि एक ओव्हरलॉक गटाकडे असायला हवे.

पूर्वभाग

सर्वांचे आभार. पुढील बैठकीत दोन गोष्टी ठेवतो : वर्ग दिवाळीनंतर घेणे, आणि शिकणाऱ्या विवाहित महिलांसाठी गटातून उचल देणे. यंत्रांसाठी लगेच कर्ज काढण्यास गट तयार होणार नाहीत. सोलापुरात जुनी ओव्हरलॉक यंत्रे हंगामापुरती भाड्याने मिळतात का, आणि अनामत साधारण किती मागतात, हे काजबटण यांनी कळवले तर बैठकीत बोलणे सोपे जाईल.