रॅफल्सला सिंगापूरचा संस्थापक का म्हणायचं?

बाणकोटी (धागाकर्ता)
सिंगापूर नदीकाठी हाताची घडी घालून उभा असलेला, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स याचा पांढरा पुतळा इथल्या बऱ्याच जणांच्या फोटोंत असेल. २०१९ मध्ये इंग्रज तिथे उतरल्याला २०० वर्षं झाली. तेव्हा हा पुतळा अशा रंगांत रंगवला, की समोरून पाहिलं तर तो मागच्या इमारतीत विरघळून जावा. काही दिवसांनी तो पुन्हा पांढरा झाला आणि शेजारी चार नवे पुतळे आले: सांग निला उतामा (दंतकथेतला मलय राजपुत्र), तान टॉक सेंग (चिनी व्यापारी), मुन्शी अब्दुल्ला (रॅफल्सचा लेखनिक) आणि नारायण पिल्लै (तमिळ व्यापारी). मला हा पळपुटेपणा वाटला. ठेवायचा तर ठेवा, काढायचा तर काढा.

रॅफल्स तीन खेपा धरूनही तिथे पुरतं वर्षभर राहिला नाही. १८१९ ते १८२३ गाव उभं केलं ते कंपनीचा तिथला रेसिडेंट विल्यम फार्क्वारने, आणि त्यालाच रॅफल्सने पदावरून काढलं. मूळ करार तर आपल्या ओळखीचाच. सिंगापूर ज्या मलय राज्याचं होतं त्या जोहोरच्या गादीवर धाकटा भाऊ होता, डचांच्या मर्जीतला. रॅफल्सने थोरल्या हुसेनला बोलावून सुलतान केलं, वर्षाला ५००० स्पॅनिश डॉलर कबूल केले आणि ६ फेब्रुवारी १८१९ ला वखारीची परवानगी लिहून घेतली. राघोबादादा आणि १७७५ चा सुरतेचा तह आठवतो ना? शिवाय रॅफल्सला कलकत्त्याहून मोकळीक देणारा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज म्हणजे १८१८ ला ज्याच्या कारकिर्दीत पेशवाई बुडाली तोच. अशा माणसाला संस्थापक म्हणायचं?

खारी_बिस्कीट
म्हणायचं. करार कसा झाला यापेक्षा त्यातून काय उभं राहिलं ते बघा. बंदरात जकात नाही, हे धोरण कोणाचं? त्यावरच माणसं आली. १८२४ च्या शिरगणतीत १०,६८३ लोक होते, त्याआधी पाच वर्षांपूर्वी तिथे एक छोटी वस्ती होती. १९६० च्या दशकात विन्सेमियस नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने सल्ला दिला की पुतळा राहू द्या, परदेशी भांडवलदारांना त्यातून धीर येईल. पंतप्रधान ली क्वान यू यांनी ऐकलं. आपण १९६५ मध्ये काळा घोडा उचलून राणीच्या बागेत नेला, २०१७ मध्ये स्वार नसलेला नवा घोडा आणून बसवला. त्याने फोर्टात काय बदललं?

पोपटी_शाल
जकात नव्हती, मग सरकार चालायचं कशावर? अफूवर. अफू विकण्याचा मक्ता लिलावात द्यायचा आणि चिनी हमालांच्या व्यसनातून तिजोरी भरायची. एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं महसुलाचा निम्म्याच्या आसपास वाटा त्यातून आला. हे ‘मुक्त बंदर’ कोणाच्या फुफ्फुसांवर चाललं, तेही लिहा की.

आणि बांधलं कोणी? १८२५ पासून हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. त्यांत आपल्या मुंबई इलाख्यातलेही होते. रस्ते, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल, आजचं राष्ट्रपतिभवन, सगळ्यात त्यांचे हात आहेत. कॅथेड्रलच्या भिंतींचा गिलावा चुना, अंड्यांचा पांढरा बलक, जाडी साखर आणि नारळाच्या सोडणाचं पाणी घालून केलेला. पर्यटक आत जाऊन रंगीत काचांचे फोटो काढतात.

चांगीकर
इथेच राहतो म्हणून लिहितो. मलय शेजाऱ्यांशी या विषयावर बोललात तर रॅफल्सपेक्षा कांपोंग ग्लाम, म्हणजे सुलतानाचा वाडा होता तो भाग, लवकर निघतं. १८२४ मध्ये फार्क्वारनंतरचा रेसिडेंट क्रॉफर्ड याने नवा करार केला आणि ३३,२०० डॉलर रोख व महिना १,३०० देऊन हुसेनकडून आख्खं बेटच कायमचं लिहून घेतलं. पुढे सुलतानाचे वंशज त्या वाड्यात दाटीवाटीने राहिले, १९९९ मध्ये त्यांना तो सोडावा लागला. आता तिथे मलय वारसा केंद्र आहे. राज्यघटनेच्या १५२ व्या कलमात मलय लोक इथले मूळ रहिवासी असं लिहिलंय, आणि शाळेत मात्र गोष्ट १८१९ पासून सुरू व्हायची. हल्ली थोडं बदललंय.

खारी_बिस्कीट
मान्य, पण मग संस्थापक कोणाला करता? सांग निला उतामाला केलं तर चिनी म्हणतील आम्ही कुठे? तान टॉक सेंगला केलं तर मलय उठतील. १९६४ मध्ये मलय-चिनी दंगली झाल्या होत्या हो तिथे, चेष्टा नाही. कोणाच्याच घरचा नसलेला गोरा माणूस सगळ्यांना चालला, यात मला शहाणपणच दिसतं. धागाकर्ते त्याला पळपुटेपणा म्हणतात.

बाणकोटी
पण कोणाच्याच घरचा नाही हे खरं कुठे आहे? तो मालकाच्या घरचा होता! १८२२ च्या नगररचनेत चिनी इकडे, चुलिया (दक्षिण भारतीय) तिकडे, अरब आणि बुगी (सुलावेसीचे व्यापारी) सुलतानाच्या शेजारी, अशा जातवार आळ्या त्यानेच आखल्या. आधी भिंती घालायच्या आणि दोनशे वर्षांनी त्यालाच मधला माणूस म्हणायचं?

हुजूरपागा_७८
तुम्ही दोघंही १८१९ च्याच खुंट्याला बांधलेले. सिंगापुरातल्या फोर्ट कॅनिंग टेकडीवर १९८४ पासून उत्खनन झालंय, चौदाव्या शतकातली चिनी भांडी निघाली. १९२८ मध्ये तिथेच जावा शैलीचे सोन्याचे दागिने सापडले होते. नदीच्या मुखाशी मोठी कोरीव शिळा होती, तीही इंग्रजांनी १८४३ मध्ये सुरुंग लावून फोडली. एक तुकडा संग्रहालयात उरलाय, अजून कोणाला वाचता आलेला नाही.

खारी_बिस्कीट
बंदर चौदाव्या शतकात होतं हे कोणी नाकारत नाही. ते बुडालं. आजच्या शहराचे पणजोबा १८१९ नंतर जहाजातून उतरले, माझा मुद्दा तेवढाच.

पोपटी_शाल
त्यातले काही बेड्या घालून उतरले. त्यांचा एकही पुतळा त्या काठावर नव्हता, २०१९ मध्येसुद्धा.