गोधडीच्या कडा विरल्यात, आजीचा दोरा न झाकता गोट (कडेची पट्टी) कसा लावू?

पाटणची_लेक

नमस्कार. आजीनं शिवलेली गोधडी आहे, ७ फूट बाय ५ फूट. वर तिच्याच दोन इरकली लुगड्यांचे तुकडे आणि चोळ्यांच्या खणाचे त्रिकोण, खाली हिरवं सुती पातळ. आत काय काय भरलंय ते तिलाच ठाऊक. १९९४ च्या मे महिन्यात, माझी दहावी झाली तेव्हा, पाटणच्या घराच्या पडवीत बसून तिनं ती माझ्यासाठी शिवली. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन पितळी डबे ठेवायचे आणि कडेपासून आत आत चौकोनात दोरा घालत जायचं. माझं काम एवढंच, सुया ओवून द्यायच्या. तिला तेव्हा जवळचं दिसत नव्हतं, पण टाका एकसारखा पडायचा, तांदळाच्या दाण्याएवढा.

मधला भाग अजून धड आहे, कडा मात्र गेल्या. डोक्याकडची सर्वांत वाईट, कारण ३० वर्षं तीच मुठीत धरून हनुवटीपर्यंत ओढली. दुमडीवर कापड विरून फाटलंय, इरकलीच्या काठाच्या दशा लोंबतात आणि एका कोपऱ्यातून आतलं पांढरं कापड बाहेर डोकावतं.

मागच्या वर्षी एका शिंप्याकडे दिली होती. त्यांनी पायाकडच्या बाजूला सॅटिनची पट्टी मशिननं मारून दिली. दोन धुण्यांनंतर पट्टी जशीच्या तशी आहे, पण शिलाईला लागून गोधडीचंच कापड सरळ रेषेत सुटलं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. त्या दिवशी मला रडू आलं.

माझी मुलगी जूनमध्ये नागपूरला हॉस्टेलला चालली आहे आणि तिला हीच गोधडी हवी आहे. आजीचा सर्वांत बाहेरचा दोरा कडेपासून दोन बोटं आत आहे, तो दिसत राहावा अशी माझी फार इच्छा आहे. पट्टी कोणत्या कापडाची लावू? रुंदी किती ठेवू? आणि सॅटिनची पट्टी उसवू की राहू देऊ?

वाकळवाली_काकू

पोरी, आधी ती सॅटिनची पट्टी काढ. ओढू मात्र नकोस. मागच्या बाजूनं दर तिसरा-चौथा टाका ब्लेडच्या टोकानं काप, मग पुढचा दोरा आपोआप सुटून हातात येतो. मशिनचे टाके बारीक, त्यामुळं जुन्या सुताला जवळ जवळ भोकं पडतात. त्यात दोरा पॉलिएस्टरचा. दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण आल्यावर कापड जातं. आमच्या इचलकरंजीकडं सासूबाई म्हणायच्या, वाकळेचा दोरा कापडाच्या आधी तुटला पाहिजे. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. म्हणून सुतीच दोरा घे.

पट्टीला नवं पॉपलिन नको, ते कडक असतं आणि जुन्या कापडाला ओढतं. कुणाचं तरी नेसून नेसून मऊ झालेलं सुती नऊवार मिळव. नऊ वार म्हणजे २७ फूट. तुझ्या गोधडीचा घेर २४ फूट. लांबीत एकच पट्टी काढलीस तर एका जोडात चारी बाजू होतात, वर कोपऱ्यांना आणि जोडाला तीन फूट उरतात. पट्टी कात्रीनं कापू नकोस, कडेला चीर देऊन फाड, म्हणजे धाग्यात सरळ येते. लुगड्याला मध्ये दांड भरलेला, म्हणजे विरलेला भाग काढून जोड घातलेला असेल तर तो आधी बघून घे, तिथं फाडताना वाकडं जातं. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्टीच्या नादाला लागू नकोस, ती गोल कडांना लागते.

रुंदी साडेतीन इंच. पुढं एक, मागं एक, जाडीला अर्धा आणि दोन्हीकडच्या दुमडीला अर्धा-अर्धा. फाडायच्या आधी लुगडं धुऊन वाळव, आकसायचं ते तेव्हाच आकसू दे. गोधडी मात्र आत्ता धुऊ नकोस. ओली झाली की वजन खूप वाढतं आणि फाटकी कड आणखी फसकते.

दशा कापायच्या नाहीत. विरलेल्या जागी आत मऊ कापडाची चिंधी सरकव, जुनं कापड तिच्यावर हातानं पसर, दशा आत दाब आणि साध्या धावदोऱ्यानं टाचून घे. पट्टी त्याच्यावर. कोपऱ्यात पट्टी तिरकी दुमडायची आणि ती दुमड दोन टाक्यांनी बंद करायची, नाहीतर पायाचा अंगठा नेमका तिथंच अडकतो.

आता तुझ्या आजीच्या दोऱ्याचं. तीन बाजूंना तो दिसेल. डोक्याकडं दिसणार नाही, तिथं पट्टी तीन इंच आत न्यावीच लागेल, कारण कापडच उरलेलं नाही. तिथली पट्टी रुंद घे आणि वरून हाताला आजीचा दोरा चाचपत बरोबर त्याच रेषेत तुझा दोरा घाल.

रानशेवंती

आमच्या धुळ्याकडे अशी गोधडी दुरुस्त करत बसत नाहीत. वरून-खालून नवी लुगडी घालून सबंध पुन्हा शिवतात. आईनं माझी तशीच करून दिली, जड झाली पण ऊब दुप्पट. हॉस्टेलला रोज वापरायची असेल तर विचार करा.

कापडवेडी

रानशेवंती, पद्धत उत्तमच आहे. पण त्यात खणाचे त्रिकोण कायमचे झाकले जातील आणि ताईंना नेमके तेच बघायचे आहेत.

ताई, खणात रेशीम असेल तर सुतापेक्षा ते आधी चुरतं. असे त्रिकोण दिसले तर वर पातळ नेट किंवा मलमलीचा तुकडा ठेवून फक्त कडेनं टाचा, खालचा रंग दिसत राहतो. गोंद आणि इस्त्रीनं चिकटणारं अस्तर अजिबात नको, ते पुन्हा सुटत नाही. लाल इरकलीवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर गोधडी भिजत ठेवू नका. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर भरवसा ठेवू नका. गार पाणी, रिठा, झटपट धुणं, आणि न पिळता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवणं.

पाटणची_लेक

काकू, तीन आठवड्यांनी लिहितेय. सॅटिन काढायलाच चार संध्याकाळी गेल्या. आत्यानं तिचं जांभळं नऊवार दिलं, काही न विचारता.

डोक्याकडचा कोपरा उघडला तेव्हा आत भरलेली कापडं सुटी नव्हतीच, आत आणखी एक गोधडी होती, जुनी, पार झिरझिरीत. तिच्यात आजोबांची मांजरपाटाची बंडी, खिशासकट. खिसा उसवलासुद्धा नव्हता, नुसता सपाट दाबून वरून दोरे घातले होते. आत्याला फोन केला. ती म्हणाली, डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात घर पडलं, तेव्हा शेतात मांडवाखाली ही सगळी भावंडं त्याच गोधडीत झोपायची. आजीनं ती टाकली नाही, माझ्या गोधडीच्या पोटात घातली.

तीन बाजू झाल्या. डोक्याकडं तुम्ही सांगितलंत तसं चाचपत शिवतेय. आजीचा टाका जिथं तिरका गेलाय तिथं माझाही तिरका घालतेय. खिशाचं मात्र ठरत नाही. बाहेर काढून जपून ठेवू का?

वाकळवाली_काकू

काढू नकोस. खिशाच्या जागी बाहेरून पट्टीवर वेगळ्या रंगाचे चार टाके घाल आणि लेकीला दाखवून ठेव. आणि हॉस्टेलला पाठवताना बरोबर एक सुई आणि त्याच सुती दोऱ्याची गुंडी दे. डोक्याकडचा दोरा दोन-तीन वर्षांत तुटेल, तिला घालता आला पाहिजे.