झेनिया: तण खरं, पण टाकाऊ नाही

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत ठेवतात त्या झेनिया या मऊ प्रवाळाला काही जण 'टाकीतलं गाजरगवत' म्हणतात, ते पसरण्याच्या बाबतीत मान्य. एका खडकावर रुजली की शेजारच्या खडकावर, मग काचेवर, मग पंपाच्या जाळीवर. पण 'नवशिक्यांचं प्रवाळ, बघण्यासारखं काही नाही' हे त्यांचं म्हणणं काही पटलं नाही. अ‍ॅक्रोपोरा या कठीण प्रवाळाच्या महागड्या फांद्यांपुढे तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, एवढंच!

जरा जवळून बघा. प्रवाळ ज्या इवल्या जीवांचं बनतं, त्या प्रत्येक पॉलिपला आठ हात, त्यांना दोन्ही बाजूंनी बारीक फाटे, आणि सगळ्यांची सतत उघडमीट. जेलीफिश हे पोहण्यासाठी करतो. ही तर जागची हलत नाही. मग एवढी शक्ती कशाला खर्च करायची? लाल समुद्रात एलातजवळ तिच्याच कुळातल्या हेटेरोझेनियावर इस्रायली संशोधकांनी काम केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. या हालचालीने प्रवाळाभोवतीचा जादा ऑक्सिजन वाहून जातो आणि त्याच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण कैक पटींनी वाढतं. उघडमीट रात्रीही चालूच. विश्रांती काय ती दुपारी थोडीशी.

ठेवायचीच तर मुख्य खडकापासून दूर, वाळूवर सुट्या दगडावर ठेवा. पंपाचा थेट झोत मात्र नको.