पूर चढताना घर केव्हा सोडावे?

नवी भाडेकरू: आम्ही नुकतेच कोल्हापुरात पंचगंगेच्या काठाजवळ तळमजल्यावर राहायला आलो आहोत आणि घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. पाणी दारापर्यंत येईपर्यंत थांबणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना शेजारी: दाराकडे नव्हे, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीकडे लक्ष ठेवा. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी आहे. आजींना इशारा पातळीच्या सुमारासच, उजेड असताना हलवावे. २०१९ मध्ये आम्ही ‘उद्या ओसरेल’ म्हणत एक रात्र थांबलो आणि पहाटे जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी आमचाच गॅस सिलिंडर तरंगत आलेला पाहिला.

वायरमन: मुख्य स्विच कोरड्या जागी उभे राहूनच बंद करावा, पाय पाण्यात असतील तर त्याला हात लावू नये. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात, आणि बाहेरचा वीजपुरवठा तुटल्यावरही तो घरात प्रवाह सोडत राहतो.

रोजचा प्रवासी: वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार तरंगू शकते, शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे हे वरून कळत नाही, त्यामुळे पुढची एसटी गेली म्हणून आपणही जावे, हा हिशेब चुकीचा आहे. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये.

नवी भाडेकरू: आभारी आहे. इन्व्हर्टर खरोखरच ध्यानात नव्हता.