मदत हवी आहे: साइड व्हीलची स्कूटर चालवून उजवा खांदा आणि हात भरून येतो. बैठक बदलू, हँडल बदलू की चाकं तपासू?

भाकरी_चटणी
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात ताकद जवळजवळ नाही, डावा बरा आहे. कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूच्या पट्ट्यांची चौकट) लावते आणि उजव्या काखेत कुबडी घेऊन चालते. पल्स पोलिओ 1995 साली सुरू झालं, त्याआधी जन्मलेल्या आमच्या पिढीत अशा खूप जणी आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर जरूर लिहा, कारण हा त्रास फक्त माझा नसणार असं मला वाटतं.

माझा घरगुती धंदा आहे, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माल मीच पोचवते: नवी पेठ, सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर. गाडी 110 सीसीची गिअरलेस स्कूटर, मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. चटणीच्या पाकिटांचा क्रेट पायाशी ठेवते, भाकऱ्यांचे डबे मागे बांधते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला माल दुपटीनं जातो आणि तेव्हापासूनच दुखणं वाढलंय.

दुखतं कसं ते नीट लिहिते, म्हणजे अंदाज येईल. उजव्या खांद्याच्या वरच्या बाजूला आणि दंडाच्या बाहेरून. मानेपासून पाठीच्या पात्यापर्यंत सगळं ताठ होतं. गाडीवर बसल्यावर लगेच नाही, जुळे सोलापूरकडे पोचेपर्यंत सुरू होतं. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालले की गाडी आपोआप कडेकडे ओढते आणि तिला सरळ ठेवण्यात सगळा जोर हातांचा जातो. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं, तेव्हा हँडल घट्ट धरूनच मी सीटवर टिकते. ब्रेक मारला की तेच. दोन्ही पाय धड असलेला माणूस अशा वेळी पाय रोवतो, गुडघे आवळतो. मला ते जमत नाही. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही, फळीवरचा डबा काढताना कळ येते. हाताला मुंग्याही येतात.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि गाडी कमी चालवा असं सांगितलं. कृपा करून इथे तो सल्ला देऊ नका. गाडी थांबली तर घर थांबतं. आणि खांदा गेला तर कुबडी पण गेली, म्हणजे चालणंच गेलं. माझ्यासारखीचा खांदा हा नुसता खांदा नसतो, त्यामुळे तो आयुष्यभर पुरला पाहिजे.

गाडीत काय बदल करावेत? सीटला पाठ लावून घेतली तर फरक पडतो का? हँडल वर उचलून घेता येतं का? आणि दुखणं कमी होईपर्यंत घरी काय करावं?

पंपावरचा_मामा
ताई, मीही साइड व्हीलवालाच, पंढरपूरला असतो. दोन्ही पाय पोलिओचे. पाठ लावून घ्या, डोळे मिटून सांगतो. पण नुसती टेकायला दिखाऊ पाठ नको. कमरेच्या दोन्ही बाजूंना थोडी वळलेली, खुर्चीच्या हातासारखी कड असलेली घ्या. वळणावर अंग त्या कडेला टेकतं आणि हात मोकळे राहतात. मी सीट कव्हरवाल्याकडून जाड फोम आणि रेक्झिन लावून करून घेतली, आतला सांगाडा वेल्डिंगवाल्यानं बनवला. कमरेला रुंद पट्टाही लावतो, गाडीला नाही, त्या पाठीलाच. ब्रेक मारला की पूर्वी छातीच हँडलवर जायची, ते थांबलं.

अक्कलकोटरोड_गॅरेज
ताई, आधी गाडी बघा, मग खांदा. अशा गाड्यांचं काम मी करतो म्हणून सांगतो.

दुचाकी वळताना झुकते, म्हणून हँडलला जोर लागत नाही. साइड व्हील लावली की गाडी झुकत नाही, हँडल हातानं ओढून वळवावं लागतं. एवढा जोर सगळ्यांनाच लागतो, तो पूर्ण जाणार नाही. पण तुम्ही म्हणता तशी गाडी सारखी एका बाजूला ओढत असेल तर त्यातला बराच भाग दुरुस्त होण्यासारखा आहे.

पहिलं हवा बघा. दोन्ही साइड व्हीलची हवा अगदी सारखी पाहिजे. एकात कमी असली की गाडी त्या बाजूला जाते. दुसरं, कोनसेट, म्हणजे हँडलचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग. पुढचं चाक जॅकनं उचला आणि एका बोटानं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सहज फिरलं पाहिजे. मध्ये खट करून अडकत असेल तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेत, कोनसेट बदला. फार खर्चाचं काम नाही आणि हात एकदम हलका होतो. तिसरं म्हणजे चाकांची सरळता, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. साइड व्हील मागच्या मधल्या चाकाला समांतर आहेत का ते दोरी लावून बघायचं. चाकाच्या पुढच्या कडेपासून मधल्या चाकाचं अंतर आणि मागच्या कडेपासूनचं अंतर एकच यायला हवं. फरक असला तर ते चाक रस्त्यावर घासत चालतं, टायर एकाच कडेनं झिजतो आणि गाडी ओढते. तुमचे टायर आज हात फिरवून बघा, कुठल्या कडेनं झिजलेत ते लिहा.

रेसची केबलही बघा. कोरडी झाली की मनगट दिवसभर पिळून धरावं लागतं. केबल बदलून टाका, वर्षानुवर्षं तीच ओढू नका.

हँडल वर उचलायचं मात्र नाव काढू नका. स्कूटरचं हँडल कव्हरमध्ये असतं, आत ब्रेक, रेस आणि लाईटच्या वायरी मापातच असतात. उंच केलं की ताणतात. हँडल तुमच्याकडे येत नसेल तर तुम्हाला हँडलकडे आणायचं, म्हणजे तीच पाठ, पण पुढे सरकवलेली. आणि कुणी पुढच्या चिमट्याचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन बदलून देतो म्हणाला तर गाडी त्याच्या हातात देऊ नका. परदेशात मोठ्या मोटारसायकली तीनचाकी करताना तसं करतात, त्यानं हँडल हलकं होतं हे खरंय, पण ते त्या गाडीसाठी बनवलेल्या पार्टनं करतात. इथं गॅसवर वाकवलेला चिमटा एखाद्या खड्ड्यात तुटेल.

फिजिओ_बार्शी
ताई, तुम्ही फार नेमकं लिहिलंय, त्यामुळे काही गोष्टी बोलता येतात. तपासल्याशिवाय निदान मात्र करता येत नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

खांदा वर आणि बाहेरून दुखणं, कुशीवर झोपता न येणं, वरचा डबा काढताना कळ येणं, हे बहुतेक वेळा खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या दोरांवर ताण आल्याचं लक्षण असतं. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात? आणि साखर तपासली आहे का? मधुमेह असला तर खांदा आखडून बसण्याची शक्यता वाढते आणि मग उपचारांची दिशाच बदलते.

तोपर्यंत हे सांभाळा. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे आणि खांदे कानाकडे चढलेले नकोत. हात पूर्ण सरळ ताणून चालवलं की प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जातो. तुम्ही क्रेट पायाशी ठेवता असं लिहिलंय. त्यामुळे तुम्ही सीटवर मागे सरकून बसत असाल असा माझा अंदाज आहे. क्रेट तिथून काढला तर कदाचित पाठ लावण्याआधीच फरक जाणवेल.

गाडीवर चढता कसं, हेही सांगा. उजव्या हातानं हँडल धरून अंग ओढून घेत असाल तर ते बंद करावं लागेल. दोन्ही तळहात सीटवर, अंगाच्या अगदी जवळ ठेवून अंग उचला.

भाकरी_चटणी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी मन लावून वाचेल असं वाटलं नव्हतं.

ताई, मुंग्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला येतात. साखर नॉर्मल आली आहे. चढताना हँडल धरूनच चढते. तुम्ही लिहिल्यावर मुद्दाम लक्ष दिलं, तर कळ तिथेच पहिल्यांदा येते. आणि हो, क्रेटमुळे मी मागेच बसते, हात सरळ ताणलेले असतात.

दादा, टायर बघितले. डावं साइड व्हील आतल्या कडेनं गुळगुळीत झालंय, उजव्याची नक्षी शाबूत आहे. हँडल जॅकवर अजून बघायचंय.

एक शंका. पाठ लावली, क्रेट हलवला तर आरटीओचं काही लागतं का? साइड व्हील आरसी बुकावर चढवलेली आहेत.

पंपावरचा_मामा
चाकं आरसीवर आहेत ना, मग मोठं काम झालेलं आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीपासून कायद्यात आपल्या गाड्यांना ‘अनुकूलित वाहन’ म्हणून जागा आहे, ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा जुना शब्द गेला. सीटची पाठ लावण्यात गाडीचा सांगाडा बदलत नाही. तरी विम्याच्या वेळी कटकट नको म्हणून आरटीओत जाल तेव्हा एकदा विचारून घ्या. सांगाड्याला हात लावणारा कुठलाही बदल मात्र परवानगीशिवाय नको.

क्रेट मागे न्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि चढावर हँडल भरकटतं. चटणी जड आहे, ती पाठीला अगदी चिकटून आणि खाली ठेवा. भाकरीचे डबे हलके, ते वर आणि मागे.

फिजिओ_बार्शी
करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे कोपराच्या आतून जाणारी नस. ती तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालूनही जाते, आणि अंगाचा भार हँडलवर टेकला की तिथे दबते. लांबवर सायकल चालवणाऱ्यांना हाच त्रास होतो. जाड, मऊ फोमची ग्रीप बसवा. रेसच्या बाजूची मात्र हँडलवर घट्ट चिकटलेली हवी, सैल ग्रीप फिरली तर धोका आहे. गाडी थांबली की सिग्नलला हात सोडून बोटं उघडझाप करा. मुंग्या सतत राहू लागल्या किंवा पकड सैल होऊन वस्तू पडू लागल्या तर थांबू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा.

घरी करायला सध्या एवढंच पुरे. बसून, हात अंगाजवळ ठेवून दोन्ही खांद्यांची पाती मागे आणि खाली ओढा, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. ते सोपं वाटू लागलं की दाराच्या कडीला रबराचा पट्टा बांधून कोपर मागे ओढायचा व्यायाम. खांद्याच्या वर हात नेऊन काही करू नका. संध्याकाळी पंधरा मिनिटं कोमट शेक. उशी पोटाशी धरून डाव्या कुशीवर झोपा, उजवा हात तिच्यावर ठेवा, म्हणजे खांदा लोंबकळत नाही.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. पोलिओ झालेल्या माणसाला जिमवाल्यांचा ‘दुखेपर्यंत करा’ हा नियम लावायचा नाही. पोलिओतून वाचलेल्या नसा वर्षानुवर्षं जादा काम करत आलेल्या असतात आणि उतारवयाकडे त्या थकू शकतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही थकवा राहिला तर तो व्यायाम जास्त झाला, निम्मा करा. चांगल्या पायात किंवा हातात नवी अशक्तता जाणवायला लागली तर डॉक्टरांना पोलिओचा इतिहास स्वतःहून सांगा. तरुण डॉक्टरांनी पोलिओचे रुग्ण फारसे पाहिलेलेच नसतात, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला होता.

कुबडीबद्दलही बोलायला हवं. काखेत दाबून चालत असाल तर भार तळहातावर आणा, काखेवर नको. कोपराची कुबडी जमते का, ते फिजिओसमोर करून बघा. बाजू मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका, तोल जाईल.

डाव्या हातात कळ, छातीत दडपण, घाम असं कधी झालं तर तो गाडीचा त्रास समजू नका. थेट सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

भाकरी_चटणी
क्रेट काल पायाशी ठेवला नाही. पुढे सरकून बसले, कोपर वाकलेलं राहिलं. होटगी रोडपर्यंत तरी पूर्वीसारखं ताठ झालं नाही. चढताना दोन्ही हात सीटवर टेकवून बघितलं, पण गाडीची सीट उंच पडते, अंग पूर्ण उचलत नाही. घरासमोर विटांचा ओटा बांधून घेतला तर चालेल ना? माझा भाऊ गवंडी आहे.

फिजिओ_बार्शी
उत्तम होईल. ओट्यावर उभ्या राहिल्यावर सीट तुमच्या बसायच्या उंचीला यायला हवी. ओट्याला कठडाही करून घ्या, डाव्या हाताला धरायला. माल उतरवताना जिथे रोज जाता, त्या दुकानदारांना गाडीपाशीच पाकिटं घ्यायला सांगा. सोलापूरची माणसं नाही म्हणणार नाहीत.

अक्कलकोटरोड_गॅरेज
डावं चाक आतून झिजलंय म्हणजे ते वाकडं बसलंय, नक्की. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले झाले असतील किंवा खड्ड्यात आडवी पट्टी वाकली असेल. पट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ करू देऊ नका, नवीन घाला. टायर नंतर बदला, आधी चाक सरळ. नाहीतर नवा टायरही तसाच जाईल.

तुमच्या मिस्त्रीला एक सांगा. माप रिकाम्या गाडीवर घेऊ नको म्हणावं. स्प्रिंग दबली की चाकांचा कोन बदलतो. तुम्ही सीटवर बसलेल्या आणि क्रेट भरलेला असतानाच दोरी लावायची. तेव्हा गॅरेजला जाताना माल घेऊनच जा.